पट्ट्यांची लाकडी कयाक घरी बांधताना

पट्ट्या जोडून बांधलेल्या कयाकचं लाकूड जेमतेम पाच-सहा मिलिमीटर जाडीचं असतं. एवढ्या पातळ भिंतीची खरी ताकद लाकडात नसते, तर त्याच्या दोन्ही अंगांना एपॉक्सीने (रेझिन आणि हार्डनर मिसळल्यावर कडक होणाऱ्या द्रवाने) चिकटवलेल्या काचेच्या कापडात असते. लाकूड हा मधला गाभा. दोन कापडांना एकमेकांपासून अंतरावर धरून ठेवणं हे त्याचं काम. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात: लाकूड हलकं का हवं, आतून कापड का चुकवायचं नाही, आणि जास्त रेझिन ओतल्याने होडी मजबूत का होत नाही.

इथले आकडे ५.२ मीटर (१७ फूट) लांब आणि ५६ सेंटीमीटर रुंद, एकट्याने चालवायच्या सागरी कयाकचे आहेत. पहिल्या होडीचा आकार स्वतः काढू नका. पाण्यात ती किती डुलेल, सरळ जाईल की भरकटेल, हे सगळं तळाच्या आकारावर ठरतं. अमेरिकेतल्या निक शेड यांच्या गिलेमॉट कयाक्ससारख्या ठिकाणी पूर्ण मापाचे आराखडे विकत मिळतात. आकाराशी खेळून पाहायचंच असेल तर रॉस लाइडी यांचं ‘कयाक फाउंड्री’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे, पण तो दुसऱ्या होडीचा उद्योग.

कामाला २५० ते ३०० तास धरा. आपल्याकडच्या हवेत कामाचा क्रमही ऋतूप्रमाणे लावलेला बरा. पावसाळ्यात साचे (ज्यांवर पट्ट्या वाकवायच्या ते होडीच्या आडव्या छेदाचे फलक) कापावेत, दसऱ्यानंतर पट्ट्या चढवाव्यात आणि रेझिनचं काम डिसेंबर ते फेब्रुवारीत उरकावं. जागा किमान साडेसहा मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद हवी. सुरुवात करण्याआधी दार, जिन्याचं वळण आणि गॅलरीचा कठडा मापून घ्या. ५.२ मीटरची ताठ वस्तू जिन्यात वळत नाही, आणि हे होडी पूर्ण झाल्यावर कळून उपयोग नसतो.

लाकूड

परदेशात या कामाला वेस्टर्न रेड सीडर वापरतात. घनता सुमारे ३७० किलो प्रति घनमीटर, कुजायला चिवट, रंध्याखाली लोण्यासारखं. आपल्याकडे ते थोड्या प्रमाणात मिळणं कठीण. त्याऐवजी शिवण उत्तम: सुमारे ४८० किलो, रंग फिकट, आणि वाळल्यावर फारसं वाकत-पिळवटत नाही. तूनही चालतं, त्याचा तांबूस रंग शिवणीशेजारी सुंदर दिसतो. सागाचा मोह मात्र आवरा. साग सुमारे ६५० किलोचा, शिवाय त्यातल्या तेलामुळे एपॉक्सी नीट धरत नाही. शोभेच्या एक-दोन पट्ट्यांपुरता किंवा कॉकपिटच्या (बसायच्या भोकाच्या) कडेपुरता वापरावा, आणि चिकटवण्याच्या लगेच आधी ॲसिटोनने पुसून घ्यावा. सावर, पांगारा ही हलकी लाकडं दमट हवेत काळी-निळी पडतात, ती नकोत.

होडीचा एकूण पृष्ठभाग साधारण ५.२ चौरस मीटर. पट्टी ६ मिलिमीटर जाड आणि १९ मिलिमीटर रुंद धरली, तर वाया जाणारी धरून ३५० मीटर पट्टी लागते. करवतीच्या प्रत्येक कापात तीन मिलिमीटर भुसा होतो आणि गाठींचे भाग बाजूला पडतात, म्हणून वखारीतून साडेतीन घनफूट लाकूड घ्यावं. पुण्याच्या टिंबर मार्केटसारख्या ठिकाणी फळ्या स्वतः निवडू देतात. रेषा सरळ, गाठी नाहीत आणि आर्द्रता १२ टक्क्यांच्या आत, एवढं बघा. आर्द्रता मोजायचा मीटर मागून घ्या, नसेल तर फळ्या घरात हवेशीर रचून दोन-तीन महिने थांबा.

पूर्ण लांबीच्या फळ्या क्वचित मिळतात, म्हणून पट्ट्या सांधाव्या लागतात. तिरका सांधा १:८ चा ठेवा, म्हणजे ६ मिलिमीटरच्या पट्टीला ४८ मिलिमीटरचा उतार. शेजारच्या पट्ट्यांचे सांधे एका ओळीत येऊ देऊ नका, निदान दोन साच्यांचं अंतर ठेवा. एकाच फळीतून निघालेल्या पट्ट्यांना कापल्याच्या क्रमाने पेन्सिलीने आकडे घाला. होडीच्या डाव्या-उजव्या बाजूंना त्या जोडीने लावल्या की रंग दोन्हीकडे सारखा उतरतो.

कणा आणि साचे

साचे ज्यावर ओवायचे तो कणा म्हणजे ५० बाय १०० मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा चौकोनी सेक्शन किंवा १८ मिलिमीटर प्लायची तेवढीच पेटी. लांबी होडीपेक्षा थोडी कमी, कारण दोन्ही टोकांचे साचे त्याच्या पुढे येतात. दोरा ताणून पाहा: पूर्ण लांबीत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त बाक असेल तर तो कणा घेऊ नका. वाकड्या कण्यावरची कयाक आयुष्यभर एका बाजूला ओढते.

साचे १२ मिलिमीटर प्लायचे किंवा एमडीएफचे, दर ३० सेंटीमीटरला एक, म्हणजे सोळा-सतरा. आराखड्याची छपाई झाली की त्यावरची मापाची रेघ आधी पट्टीने मोजा. छापणाऱ्याकडून कागदात बसवण्यासाठी आकार एक-दोन टक्के लहान झालेला असतो आणि नुसत्या डोळ्यांना तो कळत नाही. जिगसॉने रेघेच्या बाहेरून कापा, मग पॉलिश पेपरने रेघेपर्यंत आणा. प्रत्येक साच्यावर मधली उभी रेघ आणि पाण्याच्या पातळीची आडवी रेघ पेनने गडद काढा. कडांना तपकिरी चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर पट्ट्यांचा गोंद साच्यालाच धरेल.

साचे ओवताना एक बारकावा हमखास चुकतो. साच्याला १२ मिलिमीटर जाडी आहे आणि होडी टोकांकडे निमुळती होत जाते. कण्यावर आखलेल्या रेघेच्या कोणत्या बाजूला ती जाडी ठेवायची? नेहमी होडीच्या मध्याच्या बाजूला. पुढच्या अर्ध्यातल्या साच्याचं पुढचं तोंड रेघेवर, मागच्या अर्ध्यातल्याचं मागचं. असं केलं की पट्टी बरोबर रेघेवरच्या कडेला टेकते. उलट केलं तर साच्याची दुसरी कड पट्टीला बाहेर ढकलते आणि तिथे फुगवटा येतो.

मग ओळंबा, गुण्या आणि ताणलेला दोरा. साच्यांच्या मधल्या रेघा दोऱ्याखाली एका ओळीत हव्यात. एका टोकाला गुडघ्यांवर बसून एक डोळा मिटून दुसऱ्या टोकापर्यंत बघा, पिळलेला साचा लगेच उठून दिसतो. नंतर एक लांब पट्टी साच्यांवर वेगवेगळ्या उंचीवर टेकवत जा. ती कुठे हवेत राहिली तर त्या कडेवर पातळ व्हिनिअर चिकटवा, कुठे उचलली गेली तर तिथे घासा. एक मिलिमीटरचीही सूट देऊ नका. या टप्प्याला दोन दिवस जास्त गेले तर जाऊ द्या. इथे राहिलेला खळगा किंवा फुगवटा वार्निशखाली आरशासारखा चमकतो.

पट्ट्या चढवणं

होडी उलटी ठेवून आधी तळ करायचा. पहिली पट्टी काठाच्या खुणांवरून जाते आणि तिच्यामागून सगळ्या चालतात, म्हणून ती सलग, डौलदार वाकलेली हवी. टोकाजवळ काठाचं वळण पट्टीला झेपत नसेल तर तिला जबरदस्तीने वाकवू नका. ती सहज जाईल तशी जाऊ द्या, उरलेली फट नंतर छोट्या पट्टीने भरता येते.

पट्टीच्या एका कडेला गोल आणि दुसरीला खाच काढायची पद्धत आहे, त्यासाठी राउटरचं टेबल आणि दोन पाती लागतात. एकाच होडीसाठी आम्ही साधी चौकोनी पट्टी आणि छोटा रंधा सुचवू. सांधे जास्त घट्ट बसतात आणि खाचेच्या पातळ कडा तुटण्याची भीती राहत नाही.

हे जवळून समजून घ्या. तळाच्या गोलाईवर दोन चौकोनी पट्ट्या शेजारी ठेवल्या की त्या आतल्या कडांना भेटतात आणि बाहेर इंग्रजी व्ही अक्षरासारखी फट उघडी राहते. नवी पट्टी जागेवर धरून मागे विजेरी लावा. मग पट्टी काढून तिच्या आतल्या कोपऱ्यावर रंध्याचे दोन हात फिरवा आणि परत टेकवून बघा. उतार सगळीकडे सारखा नसतो: मध्यावर, जिथे तळ चटकन वळतो, तिथे जास्त लागतो आणि टोकांकडे तो जवळजवळ शून्यावर येतो. दहा-बारा पट्ट्यांनंतर हाताला अंदाज येतो आणि फेऱ्या कमी होतात. रंध्याचं पातं मात्र रोज दगडावर लावा.

गोंद म्हणून फेविकॉल मरीनसारखा पाण्याला टिकणारा लाकडाचा गोंद पुरेसा आहे, कारण पाणी अडवण्याचं काम पुढे एपॉक्सी करणार. बारीक धार सोडा, वर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसा. वाळलेला गोंद एपॉक्सीखाली फिका डाग बनून कायमचा दिसतो. पट्टी धरून ठेवायला स्टेपल मारले तर काम झपाट्याने होतं, पण भोकांच्या रांगा उरतात. त्याऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब फिती कापून साच्यांवरून ताणून बांधा. दाब सगळीकडे सारखा पडतो, लाकडाला जखम होत नाही.

एक पट्टी डावीकडे, मग एक उजवीकडे, हा क्रम मोडू नका. एका बाजूला पाच-सहा पट्ट्या सलग चढवल्या तर त्यांच्या ताणाने साचे पिळतात. दिवसाला दोन्हीकडे मिळून आठ-दहा पट्ट्या हा चांगला वेग. तळाच्या मध्यावर शेवटी माशाच्या आकाराची जागा उरते. शेवटची पट्टी दोन्ही कडांनी निमुळती करून, किंचित जास्त ठेवून, रंध्याने एकेक पापुद्रा काढत बसवावी.

तळ झाला की होडी साच्यांसकट सुलटी करा आणि डेकच्या, म्हणजे वरच्या झाकणाऱ्या भागाच्या, पट्ट्या चढवा. तळ आणि डेक एकमेकांना चिकटता कामा नयेत, म्हणून तळाच्या काठावर आधी चिकटपट्टी लावा. डेकला काठापासून मध्याकडे जा. नक्षी करायची असेल तर ती इथे, कारण डोळे सतत डेकवरच असतात.

घासणं

आधी छोटा रंधा, मग स्क्रेपर, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर लावलेली ३०-४० सेंटीमीटर लांबीची, थोडी वाकणारी फळी. ऑर्बिटल सँडरने सुरुवात केली तर तो मऊ पट्टी जास्त खातो, टणक कमी, आणि पृष्ठभागावर लाटा उठतात. पेन्सिलीने सगळीकडे रेघोट्या मारा आणि तिरप्या दिशेने घासा. पुसल्या गेल्या नाहीत त्या रेघोट्या म्हणजे खळगे. रात्री एका बाजूला जमिनीलगत ट्यूबलाइट लावून पाहिलं तर दिवसा लपलेलं सगळं दिसतं. लाकूड पाच मिलिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका. फटी एपॉक्सीत त्याच लाकडाची बारीक पिठी कालवून भरा. शेवटी सगळा पृष्ठभाग ओल्या फडक्याने पुसा: तंतू उभे राहतात आणि लपलेले गोंदाचे डाग उघडे पडतात. वाळल्यावर १२० नंबरने हलका हात द्या.

कापड आणि एपॉक्सी

फायबरच्या दुकानात बहुधा पॉलिएस्टर रेझिन आणि काचेच्या तंतूंच्या तुकड्यांची मॅट पुढे केली जाते. ती घेऊ नका. पॉलिएस्टर लाकडाला नीट धरत नाही, आणि मॅटमधला बांधणारा पदार्थ पॉलिएस्टरमध्ये विरघळावा असा बनवलेला असतो, एपॉक्सीत तो विरघळत नाही. विणलेलं, २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम), एपॉक्सीला चालणाऱ्या सायलेन फिनिशचं काचेचं कापड मागा. फिनिश चुकलं तर कापड भिजल्यावरही पांढरट राहतं. एक मीटर रुंदीचं २६ मीटर कापड, काचेच्या कापडाचीच ७५ मिलिमीटर रुंदीची २२ मीटर टेप आणि हार्डनर धरून सात किलो एपॉक्सी पुरतं.

रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण कंपनीगणिक बदलतं. कुठे वजनाने १०० ला १०, कुठे मापाने दोनास एक. डब्यावर लिहिलेलं प्रमाण ग्रॅमपर्यंत काट्यावर मोजा. लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवला तर रेझिन लवकर सुकत नाही, कायमचं चिकट राहतं. एका वेळी १५० ते २०० ग्रॅमच कालवा, भांड्याच्या कडा खरवडत दोन मिनिटं, आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. खोल भांड्यात राहिलेलं एपॉक्सी स्वतःच्याच उष्णतेने तापतं, धूर सोडतं आणि दगड होतं. हवेचं तापमान दहा अंशांनी वाढलं की हातातला वेळ साधारण निम्मा होतो, म्हणून मंद हार्डनर घ्या.

वेळ संध्याकाळची निवडा. सकाळी लावलं तर दिवस तापत जातो, लाकडातली हवा प्रसरण पावते आणि ओल्या रेझिनमधून बुडबुडे वर येतात. संध्याकाळी तापमान उतरत असतं, लाकूड उलट रेझिन आत ओढून घेतं.

कापड कोरडंच तळावर पसरा आणि मऊ ब्रशने सुरकुत्या बाहेर सारा. मध्यावर रेझिनचं थारोळं ओता आणि भिंतीला पुट्टी भरायच्या प्लॅस्टिकच्या पट्टीने टोकांकडे ओढत न्या. पांढरं कापड हळूहळू काचेसारखं पारदर्शक होतं आणि खालच्या लाकडाचा रंग एकदम गडद होऊन वर येतो. दहा मिनिटं थांबा, लाकडाने पिऊन टाकलं असेल तिथे पांढुरके ठिपके उमटतात, त्यांना आणखी थोडं द्या. मग पट्टी तिरपी धरून जास्तीचं रेझिन ओढून काढा. बरोबर झालेल्या कापडाचं विणकाम मंद, ओलसर दिसतं. चकाकत असेल तर कापड रेझिनवर तरंगतंय: वजन वाढलं, ताकद नाही, आणि घासताना वर आलेलं कापड कापलं जाईल. तळाच्या बाहेरच्या बाजूला या पहिल्या थरात साधारण एक किलो जातं.

विणकाम बुजवायला पातळ दोन-तीन हात लागतात. आधीचा हात नखाने दबतो पण बोटाला चिकटत नाही, तेव्हा पुढचा द्या, म्हणजे थर रासायनिकरीत्या एकजीव होतात. एक रात्र मध्ये गेली आणि हवा दमट असेल तर वर मेणचट पापुद्रा येतो. तो पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या घासणीने धुऊन काढा, मगच पॉलिश पेपर लावा. न धुता घासलं तर तो मेणचटपणा खोलवर चोळला जातो आणि वार्निश सुटतं.

नायट्राइलचे हातमोजे कधीही टाळू नका. एपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की आयुष्यभर राहते. कातडीवरचं एपॉक्सी थिनरने पुसू नका, थिनर ते आत नेतो, साबण-पाण्याने धुवा. घासताना धुळीचा चांगला मास्क हवाच, आणि आठवडाभर पक्कं झाल्याशिवाय घासू नका.

आतली बाजू आणि जोडणी

बाहेरचं कापड झालं की तळ आणि डेक साच्यांवरून सोडवा. आता दिरंगाई नको. एकच बाजू बंद झालेलं लाकूड उघड्या बाजूने हवेतला ओलावा पितं आणि वाकतं. कोकणात हे दोन-चार दिवसांत होतं. काठांमध्ये आडव्या काठ्या अडकवून रुंदी धरून ठेवा, आत स्क्रेपर मारा, टोकांच्या खोबणीत पिठी कालवलेलं एपॉक्सी भरून गोलाई द्या आणि कापड लावा. आतलं कापड का हवं? होडी खडकावर आपटली की भिंत आत दबते आणि ताण आतल्या अंगावर येतो. तिथे कापड नसेल तर पट्ट्या सांध्यांवर उलतात. आत विणकाम बुजवू नका, वजन वाचतं आणि पाय घसरत नाही.

जोडताना डेक तळावर ठेवून चिकटपट्टीने आवळा, होडी कुशीवर झोपवा आणि आतल्या सांध्यावर टेप लावा. टेप आधीच भिजवून गुंडाळी करा, लांब काठीला ब्रश बांधा, विजेरी आत ठेवा. एक बाजू पक्की झाल्यावर दुसरी. मग बाहेरून टेप. होडी एकेका टोकावर उभी करून त्या टोकात आतून पाच-सात सेंटीमीटर पिठीमिश्रित एपॉक्सी ओता, पण दोन-तीन वेळा थोडं थोडं, नाहीतर ते तापून लाकूड करपवतं. पकडायच्या दोरीचं भोक या भरीव भागातून काढायचं.

कॉकपिटचं भोक ८० बाय ४२ सेंटीमीटर. त्याभोवती उभ्या पट्ट्यांची २५-३० मिलिमीटर उंच कडा आणि तिच्यावर २० मिलिमीटर बाहेर आलेला ओठ, म्हणजे पाणी आत येऊ नये म्हणून कमरेभोवती घालायचा पडदा त्याखाली अडकतो. टोकांचे कप्पे वेगळे करणारी पुढची आणि मागची आडभिंत ६ मिलिमीटर मरीन प्लायची, पण जागा पक्की करण्याआधी स्वतः होडीत बसून पाय आणि पाठ कुठे येते ते बघा. प्रत्येक आडभिंतीला दोन मिलिमीटरचं भोक ठेवा. उन्हात आतली हवा फुगते, तिला वाट नसेल तर कप्प्याचं झाकण उचकटतं किंवा सांधा तडकतो. झाकणं डेकमधूनच बारीक पात्याने कापून काढली तर लाकडाच्या रेषा सलग राहतात. त्यांच्याखाली मऊ ईपीडीएम रबराची पट्टी चिकटवा.

वार्निश आणि पाणी

एपॉक्सी उन्हात पिवळं पडतं आणि पावडर होऊन झडतं. त्यावर अतिनील किरण रोखणाऱ्या मरीन वार्निशचे चार-पाच हात हवेत, प्रत्येक दोन हातांमध्ये ३२० नंबरने ओलं घासून. मे महिन्याच्या उन्हात होडी उघडी ठेवू नका. गडद लाकूड एवढं तापतं की घरगुती तापमानाला पक्कं झालेलं एपॉक्सी मऊ पडतं.

शिवणीची होडी २० ते २२ किलो भरते. पाण्यात नेण्याआधी अंगणात दोन स्टुलांवर ठेवून पुढच्या आणि मागच्या कप्प्यात एकेक बादली पाणी ओता, होडी हलवा आणि आडभिंतीच्या कडेला कोरडा कागद फिरवा. भोकातून येणारं पाणी सोडून कागद कुठेही भिजता कामा नये. पहिली फेरी लाइफजॅकेट घालून, कमरेएवढ्या संथ पाण्यात, काठाजवळ.

ओरखडे पडणारच. कापड शाबूत असेल तर वार्निश पुरतं. लाकूड उघडं पडलं असेल तर तिथे पाणी शिरून पट्टीच्या रेषेने काळा डाग सरकत जातो, म्हणून होडी लगेच कोरड्या जागी आणा, डागाच्या चारी बाजूंना दोन बोटं कापड घासून काढा, लाकूड आठवडाभर वाळू द्या आणि त्याच कापडाचा तुकडा एपॉक्सीने बसवा.